कीर्द आपण लिहायची, खतावणी संगणकाने काढायची: टिपणांसाठी दोन छोट्या स्क्रिप्ट

आईला घेऊन डॉक्टरांकडे गेले होते. केसपेपर चाळत त्यांनी विचारलं, "थायरॉइडची गोळी पन्नासवरून पंच्याहत्तर कधी केली?" आई म्हणाली, दिवाळीच्या आधी. मला आठवत होतं ते गणपती उठल्यानंतर. जुन्या चिठ्ठ्या घरी, कपाटातल्या पिशवीत. लॅपटॉप मात्र जवळ होता, कारण तिथून मला थेट एका दुकानदाराच्या हिशोबाला बसायचं होतं. मी टर्मिनल उघडलं, 'शोध थायरॉइड' एवढं टाइप करून एंटर दाबलं. तीन ओळी आल्या:

२०२४-०७-१८ १९:४२ आई: थायरॉइड तपासणी, टीएसएच ८.१, गोळी ५० चीच चालू
२०२४-०९-०३ ११:१० आई: डॉक्टरांनी थायरॉइडची गोळी ७५ केली, सकाळी उपाशीपोटी
२०२४-१२-०५ २०:०५ आई: थायरॉइड पुन्हा तपासलं, टीएसएच ३.४, ७५ चीच चालू ठेवायची

आम्ही दोघीही चुकलो होतो. ३ सप्टेंबर, म्हणजे गणपती बसायच्या चार दिवस आधी.

"हे कुठलं ॲप?" असं डॉक्टरांनी विचारलं. ॲप नाहीच ते. दोन छोट्या स्क्रिप्ट आहेत, दोन्ही मिळून पंधरा ओळीसुद्धा होत नाहीत. त्यानंतर कामातल्या आणि नात्यातल्या बऱ्याच जणांनी मला याबद्दल विचारलं. त्यातच २०२५ पासून एआयचे मदतनीस थेट टर्मिनलमध्ये चालायला लागले, त्यामुळे 'ती काळी खिडकी' बातम्यांतही दिसू लागली आहे. तिच्यात नक्की काय होतं, आणि माझ्यासारखी हिशोबाची कामं करणारी बाई रोज तिच्यात का लिहिते, हे इथे पहिल्यापासून सांगते.

वाण्याची यादी

मॉलमध्ये आपण ढकलगाडी घेऊन फिरतो, वस्तू बघतो, उचलतो. वाण्याकडे तसं नसतं. तिथे आपण 'दोन किलो साखर, अर्धा किलो तूरडाळ' असं सांगतो आणि तो काढून देतो. संगणकावर चित्रांवर बोट ठेवून काम करणं हा मॉलचा प्रकार. टर्मिनल म्हणजे वाण्याचा गल्ला. तिथे आपण एक ओळ सांगायची. ती ऐकून काम करणाऱ्या प्रोग्रॅमला शेल म्हणतात आणि आपण सांगितलेल्या ओळीला कमांड.

आता वाण्याकडे महिन्याचं तेच ते सामान जात असेल, तर तो यादी ठेवून घेतो. मग फोनवर "नेहमीचं पाठवा" एवढं म्हटलं की पुरतं. स्क्रिप्ट म्हणजे ही ठेवलेली यादी. एकामागून एक द्यायच्या कमांड एका फाइलमध्ये लिहून ठेवायच्या आणि त्या फाइलला नाव द्यायचं. पुढे ते नाव घेतलं की सगळ्या ओळी क्रमाने पार पडतात.

माझ्या दोन स्क्रिप्टची नावं 'टीप' आणि 'शोध'. नावं देवनागरीतच आहेत. लिनक्स (विंडोजसारखीच, पण मोफत मिळणारी संगणकप्रणाली) आणि मॅक दोन्हीकडे ती चालतात. याचा फायदा वाटतो त्यापेक्षा मोठा आहे. टिपण मराठीत लिहायचं असतं, तेव्हा कीबोर्ड आधीच मराठीवर असतो. कमांड इंग्रजीत ठेवली तर दर टिपेला कीबोर्ड दोनदा बदलावा लागेल. दिवसातून वीस वेळा तो त्रास घेणारा माणूस आठवड्याभरात लिहिणंच सोडून देतो.

कीर्द आणि खतावणी

माझं पोट हिशोबावर चालतं, म्हणून मला हे सगळं याच भाषेत कळलं. अकरावीला पुस्तपालन शिकलेल्यांना आठवेल. व्यवहार झाला की तो आधी कीर्दीत जातो. कीर्दीत विषय बघायचा नसतो. सकाळी भाडं दिलं, दुपारी माल आला, संध्याकाळी उधारी वसूल झाली, सगळं एकाखाली एक, तारखेप्रमाणे. मग त्याच नोंदी खातेवार वेगळ्या काढायच्या, ती खतावणी. भाड्याचं खातं एका पानावर, मालाचं दुसऱ्या.

टिपणं ठेवताना बहुतेकांचं गाडं इथेच अडतं. आपण थेट खतावणी लिहायला बसतो. नवी वही घेतो, नाहीतर नवं ॲप. त्यात 'घर', 'ऑफिस', 'आरोग्य', 'मुलांची शाळा' असे कप्पे पाडतो. मग टिपायची वेळ येते तेव्हा हातात फोन असतो, समोरचा माणूस बोलत असतो आणि आपण विचार करत बसतो की शाळेच्या सहलीचे पैसे 'शाळा'त घालायचे की 'खर्चा'त. टिपायचं राहून जातं. कप्पे मात्र सुबक राहतात, रिकामे.

'टीप' ही स्क्रिप्ट फक्त कीर्द लिहिते, एका महिन्याला एक फाइल. मी 'टीप' म्हणून पुढे वाक्य लिहिलं की ती आजची तारीख आणि घड्याळातली वेळ पुढे लावून ते वाक्य फाइलच्या तळाशी ठेवते. बस, इतकंच. खतावणी काढायचं काम 'शोध'चं. 'शोध आई:' म्हटलं की आईचं खातं. 'शोध हार्डवेअर:' म्हटलं की हार्डवेअरवाल्या काकांनी वर्षभरात फोनवर जे जे सांगितलं ते सगळं. खतावणी आधी लिहून ठेवावी लागत नाही. हवी तेव्हा, हव्या त्या नावाने, क्षणात निघते. हाताने लिहायच्या दिवसांत कारकुनाची रात्र जात असे त्या कामात.

खात्याचं नाव म्हणून मी सुरुवातीला एक शब्द आणि पुढे विसर्गासारखं दिसणारं अपूर्णविरामाचं चिन्ह देते, एवढी एकच शिस्त. ते चिन्ह लागतं, कारण नुसतं 'काम' शोधलं तर 'कामगार' आणि 'मुक्काम'ही येतात. 'काम:' शोधलं की फक्त ते खातं येतं. ज्या टिपेला खातं सुचत नाही ती तशीच लिहायची. तारीख तर लागलेली असतेच.

स्क्रिप्टच्या पोटात काय आहे

'टीप'ची पहिली ओळ फक्त 'या पुढच्या ओळी बॅश नावाच्या शेलने वाचाव्यात' एवढं सांगते. दुसऱ्या ओळीत टिपणांचा फोल्डर कुठे आहे ते. तिसरी ओळ तो फोल्डर नसेल तर तयार करते. चौथी 'डेट' नावाच्या कमांडला तारीख विचारते आणि तिच्यातलं वर्ष नि महिना घेऊन फाइलचं नाव ठरवते.

तारीख आधी वर्ष, मग महिना, मग दिवस अशी लिहायची. आपण दिवस आधी लिहितो आणि बोलताना ते बरोबरच आहे. पण संगणक नावं डावीकडून एकेक अक्षर बघत लावतो. दिवस आधी ठेवला तर १ जानेवारीशेजारी १ फेब्रुवारी येऊन बसतो. वर्ष आधी ठेवलं की अकारविल्हे क्रम आणि काळाचा क्रम एकच होतो, वेगळं काही करावं लागत नाही.

सगळ्यात महत्त्वाची शेवटची ओळ. ती तारीख, वेळ आणि वाक्य फाइलमध्ये घालते. हे घालणं 'पेक्षा मोठे' या गणितातल्या चिन्हाने होतं, आम्ही त्याला बाण म्हणतो. दोन बाण लागोपाठ दिले तर नवी ओळ फाइलच्या शेवटी जोडली जाते, आधीच्या ओळींना धक्का लागत नाही. एकच बाण दिला तर शेल आधी फाइल कोरी करतं आणि मग लिहितं. दोन बाण म्हणजे वहीत पुढची ओळ. एक बाण म्हणजे पाटी पुसून लिहिणं.

हा फरक मी अनुभवाने शिकले. गेल्या जूनमध्ये तारखेपुढे वारही यावा म्हणून ती ओळ नव्याने टाइप केली आणि एक बाण राहून गेला. त्या दिवशी अकरा टिपा लिहिल्या, काही बिघडलंय असं एकदाही वाटलं नाही, कारण 'टीप' नेहमीसारखीच निमूट काम करत होती. रात्री जीएसटीआर-३बी या जीएसटीच्या विवरणपत्राच्या कामासाठी एक नोंद शोधायला गेले तर जूनच्या फाइलमध्ये एकच ओळ, शेवटची. छातीत धस्स झालं. आदल्या रात्रीची प्रत पेनड्राइव्हवर होती, तिच्यातून महिना परत आला. त्या दिवसाच्या उरलेल्या दहांपैकी सहा टिपा शेलच्या हिस्टरीत सापडल्या. दिलेली प्रत्येक कमांड शेल स्वतःजवळ लिहून ठेवतं, त्याला हिस्टरी म्हणतात. चार टिपा गेल्या त्या गेल्याच. आता माझ्या स्क्रिप्टच्या सुरुवातीला 'नोक्लॉबर' हा पर्याय चालू केलेला आहे. तो असला की चुकून एक बाण पडला तरी शेल असलेली फाइल पुसायला नकार देतं.

'शोध' तर त्याहून लहान. तिच्यात खरं काम करणारी ओळ एकच, 'ग्रेप' या कमांडची. ग्रेप दिलेला शब्द ज्या ज्या ओळीत आहे ती ओळ दाखवतं. केन थॉम्प्सन या संगणकशास्त्रज्ञांनी ते अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या संशोधनसंस्थेत १९७३ च्या सुमाराला लिहिलं आणि आजही लिनक्स नि मॅकवर आयतं तयार मिळतं.

फाइल लिहून झाली की दोन गोष्टी उरतात. तिला 'चालवता येते' अशी परवानगी द्यायची आणि शेल जिथे कमांड शोधतं अशा एखाद्या फोल्डरमध्ये ती ठेवायची. शेल सगळा संगणक धुंडाळत नाही, ठरावीक फोल्डरच बघतं. त्या यादीला पाथ म्हणतात. विंडोजवाल्यांनी डब्ल्यूएसएल ही सोय चालू करून घ्यावी. तिच्यात लिनक्सचं टर्मिनल मिळतं आणि हे सगळं तसंच चालतं.

साध्या फाइलचा आग्रह का

ही टिपणं साध्या मजकुराच्या फाइलमध्ये असतात. साधा मजकूर म्हणजे फक्त अक्षरं. ठळक, तिरपं, रंग, तक्ते यांतलं काही नाही. ती फाइल कुठल्याही संगणकावर, कुठल्याही एडिटरमध्ये, म्हणजे मजकूर लिहायच्या प्रोग्रॅममध्ये, उघडते.

पुण्याच्या पेशवे दप्तरात रुमालांत बांधलेले कागद आहेत. कागद टिकला, शाई टिकली. पण ते बहुतेक मोडीत आहेत आणि मोडी सराईतपणे वाचणारे आता थोडे. गोष्ट जपली जाणं आणि ती वाचता येणं या दोन वेगळ्या बाबी आहेत. संगणकावर हे शतकं न जाताच घडतं. युनिकोड रुळण्याआधी मराठीत टाइप केलेल्या फाइली कुणाकडे असतील तर उघडून बघा. त्या वेळचा नेमका फॉन्ट नसेल तर स्क्रीनवर रोमन अक्षरांचा आणि चिन्हांचा कचरा दिसतो. कारण त्या फाइलमध्ये मराठी अक्षर नसायचंच. इंग्रजी अक्षर असायचं आणि फॉन्ट त्याला मराठी मुखवटा चढवायचा. वडिलांनी संगणकावर टाइप करून घेतलेली आमच्या घराच्या बांधकामाच्या खर्चाची यादी माझ्याकडे आहे. एकेक आकडा, एकेक गवंड्याची मजुरी तिच्यात आहे. मला ती अजून पूर्ण वाचता आलेली नाही.

युनिकोडने जवळजवळ प्रत्येक लिपीच्या अक्षरांना स्वतःचे क्रमांक दिले. ते क्रमांक फाइलमध्ये साठवायची आज सर्वांत रूढ असलेली पद्धत म्हणजे यूटीएफ-८. ती केन थॉम्प्सन आणि रॉब पाइक यांनी सप्टेंबर १९९२ मध्ये न्यू जर्सीतल्या एका खानावळीत जेवता जेवता, ताटाखालच्या कागदावर आखली. थॉम्प्सन म्हणजे ग्रेप लिहिणारेच. त्यांची ही रचना अशी आहे की एका अक्षराचा तुकडा दुसऱ्या अक्षराचा समजून गफलत होऊ शकत नाही. म्हणून फक्त इंग्रजी डोळ्यांसमोर ठेवून १९७३ मध्ये जन्मलेलं ग्रेप आज 'थायरॉइड' अचूक शोधतं. मला हे फार मोलाचं वाटतं.

बाइट म्हणजे संगणकातली साठवणीची जागा मोजायचं एकक. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हाला तीन बाइट लागतात. रोज शंभर चिन्हांच्या वीस टिपा लिहिल्या तर दिवसाला ६,००० बाइट, वर्षाला साधारण २२ लाख, म्हणजे दोन एमबीच्या आसपास. मोबाइलवर काढलेला एखादा फोटोच तेवढी जागा घेतो.

मराठीत शोधताना

इंग्रजी लेखांत हे तुम्हाला कुणी सांगणार नाही, आणि आपलं अडतं नेमकं इथेच.

पहिली गोष्ट, आपले शब्द विभक्ती लागताना रूप बदलतात. 'पाणी' शोधलं तर 'पाण्याचा टँकर' सापडत नाही. मग शोधायचं 'पाण'. संगणकाच्या लेखी काना, वेलांटी, मात्रा ही वेगवेगळी चिन्हं असतात, त्यामुळे 'पाण' हे 'पाणी'तही असतं आणि 'पाण्याचा'मध्येही. तसंच 'गोळी' आणि 'गोळ्या' दोन्ही हवे असतील तर 'गोळ'. शब्दाचा न बदलणारा भाग शोधायची सवय आठवड्याभरात लागते.

दुसरी गोष्ट जास्त फसवी आहे. दिसायला एक, पण आतून दोन. 'ॲप'मधला ॲ हे युनिकोडमध्ये एक स्वतंत्र अक्षर आहे, ते २००८ मध्ये आलं. पण बरेच कीबोर्ड अजून अ टाकून त्यावर अर्धचंद्र चढवतात, 'अॅप'. डोळ्यांना जवळजवळ सारखं, ग्रेपला पूर्ण वेगळं. माझ्या ॲसिडिटीच्या नोंदी मोबाइलवर एका तऱ्हेने आणि लॅपटॉपवर दुसऱ्या तऱ्हेने पडत होत्या. निम्म्याच सापडायच्या आणि निम्म्या हरवल्या आहेत हे कळायचंही नाही. 'दुसऱ्या', 'पायऱ्या' यांतल्या ऱ्यचंही तेच. काही कीबोर्ड त्यासाठी नुक्त्याचा वेगळा ऱ वापरतात, काही साधा र घेऊन मध्ये डोळ्यांना न दिसणारं जोडचिन्ह घालतात.

उपाय एका ओळीचा आहे. 'सेड' नावाची कमांड मजकुरातलं एक चिन्ह बदलून दुसरं घालते. 'टीप'मध्ये साठवण्याआधी आणि 'शोध'मध्ये शोधण्याआधी सेडकरवी ही सगळी रूपं एकाच ठरलेल्या रूपात आणायची. अंकांचंही तसंच. '७५' मराठी अंकांत लिहून इंग्रजी अंकांत शोधलं तर हाती काही लागत नाही. मी सेडला सगळे अंक मराठी करायला सांगितले आहेत.

काही टर्मिनलमध्ये देवनागरी नीट जुळत नाही, वेलांटी सरकते, जोडाक्षर फुटतं. घाबरायचं कारण नाही. ते दिसण्यापुरतं असतं, फाइलमध्ये मजकूर बरोबरच जातो. साध्या एडिटरमध्ये उघडून बघितलं की खात्री पटते.

चिन्हांची कुरबूर

शेलच्या दृष्टीने काही चिन्हांना खास अर्थ असतात आणि टिपेत ती आली की घोळ होतो. अर्धविराम दिला की शेलला वाटतं पहिली कमांड संपली, पुढचा शब्द नवी कमांड. बॅशमध्ये हॅश चिन्हाने सुरू होणारा शब्द आणि त्यापुढचं सगळं शेल सोडून देतं, म्हणून मी खात्याच्या नावासाठी हॅशटॅग ठेवला नाही. मॅकवर २०१९ पासून झेडशेल हे नेहमीचं शेल आहे. त्याला प्रश्नचिन्ह चालत नाही. 'टीप डॉक्टरांना विचारायचं का?' असं लिहिलं तर ते तक्रार करतं आणि टीप पडतच नाही.

म्हणून नुसतं 'टीप' लिहून एंटर दाबायची सोय ठेवावी. मग स्क्रिप्ट थांबते, आपण पुढच्या ओळीत वाक्य लिहितो आणि एंटर दाबतो. या वाटेने आलेल्या मजकुरात शेल नाक खुपसत नाही. प्रश्नचिन्ह, कंस, काहीही चालतं. मी आता निम्म्याहून जास्त टिपा अशाच लिहिते. मात्र अशा टिपा हिस्टरीत राहत नाहीत. जूनमध्ये गेलेल्या चार टिपा याच होत्या.

इतकी ॲप असताना हे कशाला?

ज्यांचं ॲपवर नीट चाललं आहे त्यांनी ते सोडावं असं मी म्हणणार नाही. चित्रं, हाताने काढलेल्या आकृत्या, चारचौघांनी मिळून लिहायची यादी, यांसाठी ॲपच बरं. माझं म्हणणं शब्दांच्या टिपणांपुरतं आहे.

ॲपमध्ये टिपणं आपली असतात, पण कपाट दुसऱ्याचं असतं. गूगल नोटबुक ही सेवा २०१२ मध्ये बंद झाली. एव्हरनोटने २०२३ च्या अखेरीला मोफत वापरणाऱ्यांवर ५० टिपणांची मर्यादा घातली. धंदा म्हणून त्यांचे निर्णय त्यांनी घेतले, त्यांना तो हक्क आहे. पण आईच्या औषधांची नोंद दुसऱ्याच्या धंद्याच्या निर्णयावर अवलंबून राहू नये असं मला मनापासून वाटतं. मी स्वतः एका ॲपमधून चार वर्षांची टिपणं बाहेर काढली, तेव्हा मजकूर आला पण तारखा सगळ्या एकच झाल्या, बाहेर काढल्याच्या दिवसाच्या. तारीख गेलेल्या नोंदीला हिशोबात काही किंमत नसते.

मोबाइलचं काय?

हा आक्षेप खरा आहे. टिपायची वेळ बहुतेकदा रस्त्यात येते. अँड्रॉइडवर टर्मक्स नावाचं टर्मिनल मिळतं, त्यात याच स्क्रिप्ट चालतात. पण छोट्या पडद्यावर ते मला जमत नाही.

मी करते ते असं. व्हॉट्सॲपवर स्वतःलाच संदेश पाठवते. खूप जण पाठवतात, आणि नकळत तेही कीर्दच लिहीत असतात. व्हॉट्सॲपमधून एखादा संवाद निर्यात केला की साध्या मजकुराची फाइल मिळते. तिच्यात प्रत्येक संदेशाला तारीख आणि वेळ असते, जवळजवळ आपल्या टिपणांसारखीच. आठवड्यातून एकदा ती काढून तारखेचा क्रम बदलून घेते आणि त्या महिन्याच्या फाइलमध्ये जोडते.

कुणी वाचलं तर? पुसलं गेलं तर?

साधा मजकूर कुणालाही वाचता येतो, ही त्याची ताकद आहे आणि धोकाही तोच. पासवर्ड, पिन, आधार क्रमांक यांत कधीच लिहू नयेत. 'टीप' पुढे थेट लिहिलेला मजकूर हिस्टरीतही उरतो हे वर आलंच आहे, म्हणजे फाइलमधून ओळ काढली तरी एक प्रत मागे राहते. लॅपटॉप हरवला तर काय, याचं उत्तर स्क्रिप्टमध्ये नाही. पूर्ण डिस्क कुलूपबंद करायची सोय विंडोज, मॅक आणि लिनक्स तिन्हींकडे आहे, ती चालू करून घ्यावी. ग्राहकांचे हिशोब माझ्या लॅपटॉपवर असल्यामुळे मला ते टाळताच येत नाही.

प्रतीचं म्हणाल तर रोज रात्री फोल्डर पेनड्राइव्हवर जातो आणि महिन्याने एक प्रत भावाच्या घरी. सगळा फोल्डर काही एमबीचा, कॉपी व्हायला चहा गाळण्याइतकाही वेळ लागत नाही.

एआय लिहून देतं की हे सगळं

देतं, आणि चांगलं देतं. वर सांगितलेलं वर्णन मराठीत दिलं तरी बहुधा चालणारी स्क्रिप्ट हातात पडेल. घ्या लिहून. पण चालवण्याआधी प्रत्येक ओळ समजून घ्या. न समजलेली ओळ त्यालाच विचारा. माझा महिना एका राहिलेल्या बाणाने पुसला होता, आणि ती ओळ मी स्वतः लिहिलेली होती. स्क्रिप्ट तुम्ही लिहा, शेजारच्या इंजिनियर मुलाने लिहो किंवा एआयने. फाइलमध्ये लिहिणारी ओळ शोधा आणि बाण मोजा. पहिले दोन दिवस एखाद्या रिकाम्या फोल्डरमध्ये खोट्या टिपा लिहून बघा, दुसरी टीप पडल्यावर पहिली जागेवर आहे ना ते तपासा.

रविवारी सकाळी मी 'शोध आई:' चालवते आणि आलेल्या ओळी एका वेगळ्या फाइलमध्ये उतरवते. तिथे एकच बाण, मुद्दाम, कारण तो कागद दर वेळी नवा हवा असतो. मग अक्षर मोठं करून छापते. चश्मा न लावता आईला वाचता येईल एवढं. तो कागद तिच्या डॉक्टरांकडे न्यायच्या पिशवीत जातो. गेल्या वेळी ती रिक्षात तो वाचत होती. ३ सप्टेंबरच्या ओळीवर बोट ठेवून मला म्हणाली, "त्या दिवशी पाऊस होता बघ, आपण रिक्षासाठी अर्धा तास उभ्या होतो." ते टिपणात नव्हतं. घरी आल्यावर मी तेही लिहिलं.